एका पाटावरचे वाटेकरी

उन्हाळा लागला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी न चुकता येते. कालवा सल्लागार समितीची बैठक, खडकवासला प्रकल्पातल्या चार धरणांत उरलेलं पाणी, त्यातलं पुणे शहराला किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती. चार धरणं म्हणजे टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला. चारही तुडुंब भरली तर २९ टीएमसीपेक्षा थोडं जास्त पाणी मावतं. त्यातलं खुद्द खडकवासल्यात दोन टीएमसीसुद्धा मावत नाही. म्हणजे खडकवासला हा साठवणीचा रांजण नव्हे. ती रांजणाची तोटी आहे. वरच्या तिन्ही धरणांचं पाणी इथं येतं आणि इथून पुढं ज्याच्या त्याच्या वाटेला लागतं. साहजिकच सगळ्यांचे डोळे या तोटीवर.

या बातम्यांत शहर आणि शेती एकमेकांसमोर उभी केलेली असतात. बातमी इंग्रजी असेल तर अशा दोन बाजूंसाठी ‘रायव्हल’ हा शब्द हाताशी असतोच. आपण त्याचं मराठी ‘प्रतिस्पर्धी’ असं करतो आणि आपल्या डोळ्यांपुढं दोन पैलवान येतात, किंवा समोरासमोर थाटलेली दोन मिठाईची दुकानं. या शब्दाचा जन्म मात्र आखाड्यातला नाही, बाजारातलाही नाही. तो पाण्याच्या पाटावरचा आहे.

लॅटिन भाषेत ‘रिवुस’ म्हणजे ओहोळ किंवा पाट. त्यावरून ‘रिवालिस’ म्हणजे आपण ज्या पाटातून पाणी घेतो त्याच पाटातून पाणी घेणारा दुसरा माणूस. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या उल्पियन नावाच्या रोमन कायदेपंडितानं हा शब्द नेमक्या याच अर्थानं वापरला आहे. सम्राट जस्टिनियननं सन ५३३ मध्ये रोमन कायद्याचं जे मोठं संकलन करवून घेतलं, त्यात उल्पियनचं हे विवेचन राहिलं आहे. एकाच पाटानं पाणी नेणारे ते ‘रिवालेस’, आणि त्यांच्यात पाण्यावरून तंटा झाला तर काय करायचं, अशी ती चर्चा आहे. गंमत पाहा, शब्दाचा अर्थ आणि त्यामागून येणारं भांडण ही दोन्ही त्यानं एका दमात सांगितली आहेत. एका पाटावर दोन शेतं म्हटल्यावर तंटा गृहीतच असावा!

रोमच्या नाटकवाल्यांना तर हा शब्द फारच आवडला होता. उल्पियनच्या सुमारे चारशे वर्षं आधी प्लॉटस हा नाटककार होऊन गेला. एकाच स्त्रीवर जीव जडलेल्या दोन पुरुषांना तो ‘रिवालेस’ म्हणतो. पाटाच्या दाऱ्यावरून होणारी हमरीतुमरी रोमच्या प्रेक्षकांना ठाऊक असणार, म्हणून हा विनोद त्यांना लगेच कळत असेल.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तो बहुतेक या भांडणाच्याच अर्थानं. पण जुना अर्थ अगदी पुसला गेला नव्हता. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात रात्रीच्या पहाऱ्यावरचा एक शिपाई आपल्या सोबत्यांना ‘रायव्हल’ म्हणतो. ते काही त्याचे शत्रू नाहीत. एकाच पहाऱ्याचे ते वाटेकरी आहेत. आजचा विद्यार्थी तिथं हटकून अडखळतो आणि त्याला तळटीप पाहावी लागते.

आपल्या भाषांनाही हा अनुभव नवा नाही. संस्कृतात शत्रूला ‘सपत्न’ म्हणतात. तो शब्द ‘सपत्नी’वरून आला, म्हणजे आपल्या सवतीवरून. एका घरातल्या दोन बायका, त्यांच्यावरून कुठलाही वैरी. ‘भ्रातृव्य’ या शब्दाचा प्रवास तर याहून बोलका आहे. तो मूळचा नात्याचा शब्द, भावाच्या मुलासाठी वापरायचा. पण वैदिक वाङ्मयात तो सर्रास शत्रू या अर्थानं येतो, आणि पाणिनीला या दुसऱ्या अर्थासाठी निराळं सूत्र लिहावं लागलं. महाभारताची गोष्ट ठाऊक असलेल्या माणसाला हे वेगळं समजावून द्यायला नको. मराठीत तर ‘भाऊबंद’ म्हणजे आपली माणसं आणि ‘भाऊबंदकी’ म्हणजे त्याच माणसांशी चाललेला दिवाणी दावा. शेवटी एक ‘की’ लागली आणि घर कोर्टात गेलं.

म्हणून मला असं वाटतं की ‘रायव्हल’चं खरं मराठी ‘प्रतिस्पर्धी’ नसून ‘भाऊबंद’ आहे. ज्याच्याशी आपला काहीच संबंध नाही, त्याच्याशी आपलं पाण्यावरून भांडण होऊच शकत नाही.

इथं एक सावधगिरीची सूचना. ‘रायव्हल’ नदीवरून आला म्हटल्यावर कोणालाही वाटेल की तो ‘रिव्हर’चा भाऊ असणार. दिसायला आहेही तसाच. पण नात्यानं नाही. ‘रिव्हर’ आला तो ‘रिपा’ या दुसऱ्या लॅटिन शब्दावरून, आणि ‘रिपा’ म्हणजे नदी नव्हे, नदीचा काठ. काठचा प्रदेश असा अर्थ असलेल्या शब्दातून हळूहळू वाहतं पाणी असा अर्थ निघाला. ‘अराइव्ह’ हा रोजच्या वापरातला शब्दही याच ‘रिपा’चा. ‘अराइव्ह’ होणं म्हणजे मुळात नाव काठाला लागणं. आज रेल्वे स्थानकात आणि विमानतळावर जी ‘अरायव्हल’ची पाटी दिसते तिच्यात असा नदीचा काठ लपलेला आहे. काठाला धरून मुलखाचं नाव घेण्याची पद्धत आपल्याकडेही होतीच. गंगथडी, भीमथडी ही नावं थडीवरून पडली. मुठेचा कालवा पुढं ज्या दौंड भागात जातो तो जुन्या कागदांत भीमथडी तालुक्यात मोडे. भीमथडीची तट्टं प्रसिद्ध होती ती तिथलीच.

‘रिवुस’चं खरं भावंडं म्हणजे ‘डिराइव्ह’. नदीतून पाट काढून पाणी दुसरीकडं वळवणं हा त्याचा मूळ अर्थ, आणि जुन्या इंग्रजी लेखनात पाणी ‘डिराइव्ह’ केल्याचे उल्लेख मिळतात. मग उगमापासून काहीही काढून आणणं म्हणजे डिराइव्ह करणं झालं. गणितात सूत्र डिराइव्ह करतात, आणि शब्दाच्या व्युत्पत्तीला ‘डेरिव्हेशन’ म्हणतात. म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती शोधणारा माणूस हाही एका अर्थी पाटकरीच. पाटाच्या कडेनं उलटं चालत जायचं आणि दारं कुठं आहे ते पाहायचं. व्युत्पत्तीचे मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्यांना ही पदवी आवडली असती की नाही, सांगवत नाही.

आता थोडं कॅनॉलकडं वळू. खडकवासल्याचं जुनं धरण सन १८७९ मध्ये पुरं झालं. रॉयल इंजिनिअर्समधल्या कर्नल फाइफ यांनी त्याची आखणी केली, म्हणून इंग्रजांच्या नकाशांवर या तलावाचं नाव ‘लेक फाइफ’ असं छापलेलं असे. गावकऱ्यांच्या तोंडी ते नाव बसलं नाही. ‘कॅनॉल’ मात्र बसला. शासकीय कागदांत ‘कालवा’ लिहितात, पण पर्वतीच्या पायथ्यापासून हडपसरपर्यंत आणि पुढं लोणी काळभोरपर्यंत कोणालाही विचारा, तो कॅनॉलच म्हणेल.

‘कॅनालिस’ हा लॅटिन शब्द ‘कान्ना’वरून आला आणि ‘कान्ना’ म्हणजे बोरू, वेत, पोकळ देठाचं गवत. पोकळ बोरूतून पाणी वाहतं, म्हणून नळी. नळीसारखी लांब खोदलेली वाट म्हणून कॅनॉल. ‘केन’ म्हणजे वेत, तोही यातलाच. लांब नळीची तोफ ती ‘कॅनन’, तीही यातलीच. ‘चॅनेल’ तर कॅनॉलचाच जुळा भाऊ आहे, फक्त फ्रान्समधून फिरून आलेला. टीव्हीवरचं चॅनेल बदलताना आपण मुळात एका पाटाचं दार बंद करून दुसऱ्याचं उघडत असतो.

आणि आपला ‘नळ’? संस्कृतात ‘नल’ किंवा ‘नड’ म्हणजे पुन्हा बोरूच! पाणथळ जागी उगवणारं पोकळ गवत. त्यावरून नळी, नाली, आणि महापालिकेचा नळ. रोमच्या शेतकऱ्यानं आणि आपल्या पूर्वजांनी, एकमेकांना न विचारता, पाण्याच्या वाटेला त्याच गवताचं नाव दिलं. पुण्यातल्या गृहिणीचा नळ आणि दौंडच्या शेतकऱ्याचा कॅनॉल यांची समितीच्या बैठकीत कितीही ओढाताण होवो, शब्दांच्या दृष्टीनं दोन्ही एकाच गवताच्या काड्या आहेत.

ही काडी किती जवळून जाते याचा अनुभव पुणेकरांनी २७ सप्टेंबर २०१८ रोजी घेतला. मुठा उजव्या कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली आणि दांडेकर पुलाच्या आसपासच्या वस्तीत भरदिवसा पाणी शिरलं. दौंडच्या वाटेवरचं पाणी पुण्यातल्या गरिबांच्या घरांतून वाहिलं. बारा जुलै १९६१ चा पानशेतचा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांना तो आठवल्यावाचून राहिला नसेल. तेव्हा आधी पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं जुनं धरणही गेलं, आणि पूर ओसरल्यावर पुण्यात एकीकडं चिखल आणि दुसरीकडं प्यायला पाणी नाही अशी अवस्था झाली. तेव्हा कात्रजचं पाणी आणि जुन्या विहिरी लोकांच्या उपयोगी पडल्या. कात्रजचा तो नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातला. त्याच्या वाटेवर हवा बाहेर पडण्यासाठी दगडी मनोरे बांधलेले आहेत, त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. इंग्रज इंजिनिअर त्याला एअर व्हेंट म्हणतील. उच्छ्वास हा शब्द त्याहून सरस आहे हे मी पक्षपाताचा आरोप पत्करून सांगतो.

पाणी मोजून द्यायचं तर माप हवं. लॅटिनमध्ये ‘मोदुस’ म्हणजे माप आणि ‘मोदुलुस’ म्हणजे छोटं माप. रोमच्या पाणीपुरवठ्यात ‘मोदुलुस’ हा नळांच्या ठराविक मापाला वापरला जाणारा शब्द होता. इसवी सन ९७ मध्ये फ्रोंटिनुस नावाचा अधिकारी रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. त्यानं लिहिलेल्या ग्रंथात मापांची बारीकसारीक चर्चा तर आहेच, पण खात्यातल्याच माणसांनी शिक्का नसलेल्या, मंजुरीपेक्षा मोठ्या तोट्या कशा बसवल्या आणि रस्त्याखालून चोरून जोड कसे दिले याची तक्रारही आहे. हे वाचताना एकोणीसशे वर्षं मध्ये गेली आहेत असं वाटत नाही. कालव्यातून ठरलेलं पाणी सोडणाऱ्या यंत्रणेला सिंचन अभियंते आजही ‘मोड्यूल’ म्हणतात. आणि याच ‘मोदुलुस’पासून ‘मॉडेल’ निघाला. खडकवासल्याला १९१६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे. तिच्या आवारात नद्यांच्या, धरणांच्या, बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत खरं पाणी सोडून पाहतात. त्या प्रतिकृतींना मॉडेल म्हणतात तेव्हा शब्द अगदी आपल्या माहेरी आलेला असतो: पाणी आणि छोटं माप.

धरणाला इंग्रजीत ‘डॅम’. तो डच मुलखाकडचा शब्द आहे. आम्स्टेल नदीवरचा डॅम म्हणून आम्स्टरडॅम. आपलं ‘धरण’ हे ‘धृ’ धातूचं, धरून ठेवतं ते. धर्म त्याच धातूचा. आणि मागणी मान्य होईपर्यंत दारात बसणं म्हणजे धरणं धरणं, हेही त्याच घरचं. ‘धरणा’ या रूपात ते इंग्रजी कोशांत केव्हाच जाऊन बसलं आहे.

‘बंड’ या शब्दानं मात्र आपली चांगलीच फिरकी घेतली. फारसी ‘बंद’ म्हणजे बांध. तो हिंदुस्थानीतून इंग्रजांनी उचलला. सन १८८६ मध्ये निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात तो आहे, आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजांबरोबर तो थेट शांघायच्या नदीकाठापर्यंत गेला. पुण्यात मुळा-मुठेवर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांध झाला, त्याशेजारची बाग ती ‘बंड गार्डन’. आमचाच बांध टोपी घालून परत आला आणि आम्ही त्याला ओळखलं नाही. मराठीत बंड म्हणजे उठाव, त्यामुळं ही बाग सत्तावन्नच्या बंडाची असावी अशी समजूत करून घेणारे लोकही भेटतात. मुळात संस्कृत ‘बंध’, फारसी ‘बंद’ आणि इंग्रजी ‘बाइंड’, ‘बाँड’ ही एकाच कुळातली मंडळी. ‘बंधू’ही त्यांतलाच. बांध आणि बंधू एका धातूचे असावेत आणि महाराष्ट्रातले निम्मे बंधू बांधावरूनच भांडावेत!

खडकवासल्याच्या चौपाटीवर उभं राहिलं की सिंहगड दिसतो. गडावर देवटाकं आहे, खडकात कोरलेलं, थंड पाण्याचं. हे ‘टाकं’ इंग्रजीत गेलं. इंग्रजी ‘टँक’ची कुळकथा सांगताना कोशकार गुजराती आणि मराठी शब्दांकडं बोट दाखवतात, आणि पोर्तुगीज ‘तांके’चाही त्यात हात आहे असं सांगतात. म्हणजे या शब्दालाही वाटेकरी आहेतच. पुढं पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी चिलखती गाडी तयार केली. तिचा सुगावा शत्रूला लागू नये म्हणून कारखान्यात तिला पाण्याची टाकी असं सांगितलं गेलं. सप्टेंबर १९१६ मध्ये ती फ्रान्सच्या रणभूमीवर उतरली तरी नाव टँकच राहिलं. आपण तिला रणगाडा म्हणतो आणि आपलंच टाकं विसरतो.

सैन्याची गोष्ट निघाली तर तलावापलीकडं पाहिलंच पाहिजे. तिथं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली. तिथल्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीला ‘कॅडेट’ म्हणतात. लॅटिन ‘कापुत’ म्हणजे डोकं. त्याचं लहान रूप ‘कापितेल्लुम’, छोटं डोकं, छोटा म्होरक्या. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या गॅस्कनी प्रांतात त्याचं ‘कापदेत’ झालं. त्या प्रांतातल्या सरदारांचे धाकटे मुलगे राजाच्या फौजेत अधिकारी म्हणून येत, त्यामुळं फ्रेंचांत ‘कॅडेट’ म्हणजे धाकटा मुलगा असाच अर्थ रूढ झाला. धाकटेच का यायचे? कारण जमीन, गढी, मान सगळं थोरल्याला. धाकट्यानं तलवार घ्यावी आणि नशीब काढावं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन मुंबई-मद्रासला उतरणारी कोवळी पोरं कॅडेटच होती. आपल्याकडं सगळ्या भावांना वाटा, म्हणून भाऊबंदकी. त्यांच्याकडं एकालाच सगळं, म्हणून कॅडेट. शब्दाच्या उतरंडीचं टोक सांगायचं तर गोल्फच्या मैदानावर खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणारा ‘कॅडी’ हाही मूळचा कॅडेटच, आणि हलकट माणसासाठीचा ‘कॅड’ त्या कॅडीचा उरलासुरला तुकडा.

वाट्याबाहेर राहिलेल्या धाकट्या मुलाचा हा शब्द. सन २००५ च्या कायद्यानं आपल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा मिळाला. सन २०२२ मध्ये प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या १७ जणी शिक्षण पुरं करून संचलनात बाहेर पडल्या. त्यांनाही कॅडेटच म्हणत होते. फ्रेंच सरदारानं हे ऐकलं असतं तर त्याला धाकट्या मुलाचा हा अर्थ समजावून घ्यायला थोडा वेळ लागला असता.

पुन्हा पाण्याकडं येतो. कालव्याच्या पाण्याची फेरी म्हणजे ‘आवर्तन’, इंग्रजीत ‘रोटेशन’. ‘रोता’ म्हणजे चाक, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं आपल्या ‘रथा’शी लावतात. शेतकरी मात्र या दोन्हींपेक्षा ‘पाळी’ म्हणतो. आवर्तन सुटलं की शेजपाळीनं पाणी द्यायचं: एका शेताचं भरणं झालं की लागून असलेल्या शेताची पाळी. ती दुपारी येते तशी रात्री दोनलाही येते, आणि थंडी असो की विंचवाकाट्याची भीती असो, दारं धरायला जावंच लागतं.

कॅनॉलच्या सुरुवातीला इंग्रज इंजिनिअर ‘हेड’ म्हणत, शेवटाला ‘टेल’. डोकं आणि शेपूट. हे दोन शब्द आमच्या शेतकऱ्यांनी जसेच्या तसे घेतले. ‘टेलचा शेतकरी’ ही तर एक जातच झाली आहे. खडकवासल्याहून निघालेला नवा उजवा कालवा सुमारे २०० किलोमीटर जाऊन इंदापूर तालुक्यात संपतो. वाटेत शहर आहे, उपसा आहे, गळती आहे, चोरी आहे. म्हणून पाणी शेपटाकडून डोक्याकडं द्यायचा नियम करतात, त्यालाही ‘टेल टू हेड’ असंच म्हणतात. आवर्तन सुटल्यावर हेडकडचा माणूस रात्री फोन करून पलीकडच्याला विचारतो तेव्हा त्या वाक्यात एकच इंग्रजी शब्द असतो: “पाणी टेलला पोचलं का?”